खाजणवाडीचा कौल

कोंडवण्याच्या ग्रामसभेत केतकी पालव बोलायला उभी राहिली, की मागच्या रांगेतली माणसं चपला शोधायला लागत. बाई प्रश्न विचारणार, उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही आणि जेवणाला उशीर होणार, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. दिवसभर घरात ब्लाउज शिवणाऱ्या या बाईला गावाने ‘प्रश्नीण’ असं नावच ठेवलं होतं. तिला त्याचं काही वाटत नसे. वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. मत द्यायची वेळ आली की सगळं गाव आधी पहिल्या रांगेकडे बघायचं. तिथे मानकरी बसत. त्यांचे हात वर गेले की गावाचे वर, त्यांचे मांडीवर राहिले की गावाचेही मांडीवर. आणि मानकऱ्यांत सगळ्यात वजनदार माणूस म्हणजे आबा पालव, खुद्द केतकीचे सासरे.

त्यामुळे संमतीमापकाचा कायदा आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला. कुठलाही प्रकल्प, कुठलीही जमीन, ग्रामसभेची संमती घ्यायची तर ती हात वर करून चालणार नाही. यंत्रावर घ्यायची, असं सरकारने ठरवलं होतं. राज्यभर धाकदपटशाने घेतलेल्या संमतींची इतकी प्रकरणं कोर्टात गेली होती, की सरकारला दुसरा मार्ग राहिला नव्हता. आपल्या गावात ते यंत्र लवकर यावं म्हणून केतकीने तालुक्याला इतके हेलपाटे घातले, की तिथला शिपाई तिला चहा विचारायला लागला.

यंत्राचं तत्त्व तसं सोपं. माणसाने तळहात काचेच्या पाटीवर ठेवायचा. पाटीखालचे संवेदक बोटांतला रक्तप्रवाह आणि त्वचेवरचा सूक्ष्म घाम मोजतात, समोरचा मायक्रोफोन आवाजातला कानाला न कळणारा कंप टिपतो. आधी यंत्र साधे प्रश्न विचारतं. नाव काय, बापाचं नाव काय, वाडी कुठली. ही झाली त्या माणसाची शांत अवस्था. मग खरा प्रश्न. माणूस ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणतो. दोन्ही वेळच्या मोजमापांत मोठी तफावत पडली, की हे उत्तर कुणाच्या तरी दबावाखाली दिलंय असं यंत्र ठरवतं आणि ते मत बाजूला काढतं. उरलेल्या मतांचा जो कौल तो गावाचा. हजारो माणसांवर चाचण्या झाल्या होत्या. घाबरवलेला माणूस यंत्राच्या नजरेतून सुटत नव्हता, आणि त्याला घाबरवून कुणाला काही मिळतही नव्हतं. केतकीला आणखी काय हवं होतं?

पहिलाच प्रश्न आला तो खाजणवाडीचा. खाडीकाठची ही वाडी म्हणजे केतकीचं माहेर. लहानपणी ज्या अंगणात ती जाळी सुकवायची त्या अंगणात आता प्रत्येक उधाणाला गुडघाभर पाणी येत होतं. विहिरी खारट झाल्या होत्या, माड उभ्या उभ्या वाळले होते. समुद्र काही परत मागे जाणार नव्हता, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं. वाडी हलवायची तर जागा एकच, गावामागचा सडा, म्हणजे वरचं कातळाचं माळरान. ती गावकीची सामाईक जमीन, म्हणजे गावाची संमती हवी. संमती मिळाली तर वाडी सड्यावर, गावातच राहणार. नाही मिळाली तर सगळ्या कुटुंबांना घाटावरच्या वसाहतीत नेऊन ठेवणार, समुद्रापासून तीन तासांवर. केतकीची आई आणि भाऊ ओंकार तिथे जाऊन काय करणार होते? ओंकारला होडी आणि जाळं याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. आई तर वाऱ्यावरून भरती ओळखणारी बाई.

सडा मोकळा दिसत असला तरी तसा नव्हता. वरच्या वाड्यांतल्या बऱ्याच जणांनी तिथे गुपचूप काजू लावले होते. आबांची कलमं सगळ्यात जुनी.

यंत्र ठेवायला मोठी जागा म्हणजे देवळाचा सभामंडप. आणि इथेच केतकीने ती गोष्ट केली. लोक यायला कां कूं करत होते. कसलं यंत्र, हाताला शॉक लागतो म्हणे, सरकार आपलं मन वाचणार म्हणे. तिला गर्दी हवी होती. वाडीची माणसं थोडी, वरच्या गावातली भली माणसं आल्याशिवाय पारडं फिरणार नव्हतं. ती दाजी गुरवांकडे गेली. देवीला कौल लावायचा तो दाजींनी. पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गावातलं लग्न असो, विहीर असो, कौलाशिवाय पान हलत नसे.

“दाजी, यंत्रापुढे नारळ ठेवशात? गाऱ्हाणा घालशात?” केतकीने विचारलं.

“तां कित्याक गे?”

“लोक येवक व्हये. देवळात कौल आसा म्हटल्यावर घरात कोण रवतलो?”

दाजी हसले. बाईची अक्कल त्यांना पटली. त्यांनी यंत्रापुढे नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि घसा खाकरून गाऱ्हाणं घातलं, ‘बा देवी म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाशी इली आसत, तेंच्या मनात जां आसा तां खरा करून दाखय.’ मंडप ‘होय म्हाराजा’ने दुमदुमला. केतकीने मागे वळून पाहिलं तर उभं राहायला जागा नव्हती. म्हाताऱ्या काठी टेकत आल्या होत्या. तिचा ऊर भरून आला.

एकेकाचं नाव पुकारलं जात होतं. पाटी मधोमध, आणि पाटीसमोरच, नेहमीच्या जागी, मानकऱ्यांची रांग. यंत्र आलं म्हणून रांग काही हलली नव्हती. आबा पाटीपाशी गेले, हात ठेवला, नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं आणि त्याच आवाजात ‘नाही’ म्हणाले. त्यात लबाडी नव्हती. त्यांना सडा द्यायचा नव्हता आणि तसं सांगायला त्यांना कुणाची भीती नव्हती. मग केतकीचा नवरा उमेश गेला. बापासमोर उभं राहून आयुष्यात पहिल्यांदा त्याने बापाविरुद्ध तोंड उघडलं. ‘होय’ म्हणताना त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या केतकीला दिसल्या. वाडीची माणसं एकामागून एक आली. ज्यांनी जन्मात या मंडपात आवाज काढला नव्हता ती. केतकीच्या आईने हात पदराला पुसून मगच पाटीवर ठेवला. मासळीचा हात देवाच्या वस्तूला लागू नये म्हणून. शेवटी केतकीची पाळी आली. तिने आईकडे पाहिलं आणि ‘होय’ म्हणाली.

दिवेलागणीला निकाल लागला. संमती नाही.

खाजणवाडीची माणसं उठली, देवीला हात जोडले आणि उतरणीला लागली.

घरी आल्यावर उमेश मोबाईल घेऊन ओटीवर बसला होता. प्रत्येकाला त्याच्या मतापुरता निरोप येत होता. केतकीने त्याच्या हातातून मोबाईल घेतला. सरकारी भाषेतलं एकच वाक्य होतं: आपले उत्तर मनापासूनचे नसल्याचे आढळल्याने ग्राह्य धरलेले नाही.

“म्हणजे तुझ्या मनात नव्हतं,” ती म्हणाली. रागावली की ती शाळेतल्या पुस्तकासारखं बोलायची.

“मी होय म्हटलंय. तू बघलंस.”

“तोंडानं म्हटलंस. माझ्या तोंडावर म्हटलंस. आणि मनात काजू मोजीत होतास.”

उमेश उलट बोलला असता तर भांडण झालं असतं आणि कदाचित बरं झालं असतं. तो उठून गोठ्याकडे गेला. केतकीला वाटलं, सतरा वर्षं आपण कुणाबरोबर संसार केला? स्वतःचा निरोप तिने उघडलासुद्धा नाही. त्यात काय असणार होतं?

सकाळी चुलीवर पाणी ठेवता ठेवता तिने तो सहज उघडला. तेच वाक्य. आपले उत्तर मनापासूनचे नसल्याचे आढळल्याने.

ती तशीच खाली बसली. पाणी उकळून सांडायला लागलं तेव्हा भानावर आली. साऱ्या गावात एका माणसाच्या मनाची तिला खात्री होती, आणि ते मन तिचं स्वतःचं होतं. यंत्र चुकलं होतं. आणि यंत्र चुकलं असेल तर काल रात्री तिने नवऱ्याला जे ऐकवलं तेही. ती गोठ्यात गेली. “माझापण तसाच इला,” एवढंच म्हणून तिने मोबाईल त्याच्यापुढे धरला. उमेशने वाचलं, मान हलवली आणि शेणाची पाटी उचलून घरामागच्या परड्यात गेला.

यंत्र घेऊन आलेली मृण्मयी देवधर नावाची तरुण अभियंता अजून तालुक्यालाच मुक्कामी होती. केतकीने तिला विश्रामगृहाच्या व्हरांड्यात गाठलं. मृण्मयी भली मुलगी होती. तिने लॅपटॉप उघडून वाडीची सगळी मतं पाहिली, नावं झाकून.

“ताई, यात यंत्र बिघडलेलं नाहीये,” शेवटी ती म्हणाली. “त्याला जे शिकवलंय तेच त्यानं केलंय. नाव सांगताना माणूस जसा असतो आणि उत्तर देताना जसा असतो, यातला फरक ते मोजतं. आमच्या चाचण्या झाल्या त्या शहरातल्या सोसायट्यांमध्ये. बाग हवी की पार्किंग. त्यात कुणाचा जीव अडकलेला नसतो. तिथे नाडी वाढली तर मागे कोणीतरी दमदाटी करणारा असतोच.”

“आणि जीव अडकलेलो आसलो तर?”

मृण्मयीने लॅपटॉप मिटला. “तर नाडी वाढणारच. भीतीनं वाढली की भीती असूनही बोलला म्हणून वाढली, हे यंत्राला कळत नाही. दोन्हीचा घाम सारखाच असतो.”

म्हणजे ज्याला काही गमवायचं नव्हतं त्याचं मत मोजलं गेलं होतं. ज्याने जिवाचा धडा करून तोंड उघडलं त्याचं फेकलं गेलं होतं. केतकीला सबंध मंडप पुन्हा दिसला. भित्र्यांना जपण्यासाठी आणलेलं यंत्र, आणि त्यांनी एक दिवस धीर केला तर त्याने नेमका तोच दिवस खोटा ठरवला. ते तिनेच आणलं होतं.

“उपाय आहे,” मृण्मयी म्हणाली. “गावातल्या चौथाई मतदारांनी मागणी केली तर मतं पुन्हा घेता येतात. यावेळी मी आडोसा करून देईन, समोर कुणी बसणार नाही. माणसांना आधी दोन-तीनदा सवय करून देऊ. निकाल वेगळा येईल. पण पंधरा दिवसांत, म्हणजे पुनवेच्या आत मागणी यायला हवी, त्यानंतर संमतीचा विषय कायमचा बंद होतो.”

केतकीला हायसं वाटलं. चौथाई माणसं म्हणजे फार नव्हती. मंडपात ‘होय’ म्हणणारे तिने स्वतःच्या कानांनी ऐकले होते. त्यांनी नुसता अंगठा उठवायचा होता.

ती पहिल्यांदा शेजारच्या सुलभाकाकीकडे गेली. काकीने मोठ्या आवाजात ‘होय’ म्हटलं होतं आणि तिचंही मत फेकलं गेलं होतं. काकीने चहा केला, सगळं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये ‘आये गे’ म्हणाली. मग अंगठ्याची गोष्ट निघाली तेव्हा तिने कप खाली ठेवला.

“असा करूक नको केतकी. पडलेलो कौल परत इचारीत नाय.”

“काकी, तो देवीचो कौल न्हय. तां यंत्र.”

“नारळ कोणी ठेवल्यान? गाऱ्हाणा कोणी घातल्यान?” काकी अगदी प्रेमाने म्हणाली. “आमी सगळी म्हाराजा म्हटलंव. आता आमका नको तां पडला म्हणान देव न्हय म्हणाचा? असा चलता काय?”

या गावात दिलेला कौल फिरवून विचारत नसत. एकाने विचारला होता म्हणे, केतकीच्या आजेसासऱ्यांच्या काळात, आणि त्याचं घर बसलं होतं. घर वाळवीने बसलं असेल, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. केतकी दाजी गुरवांकडे गेली. त्यांनी तोंड फिरवलं. “तूच सांगलंस म्हणान मी केलंय,” एवढंच ते बोलले, आणि ते खरं होतं.

घरं हिंडता हिंडता तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती तिला जास्त लागली. लोकांना आपल्याच मनाचा भरवसा राहिला नव्हता. ‘मी होय म्हटलंय खरा,’ एकजण तिला म्हणाला, ‘पण मनात नसात. आपल्याक काय कळता?’ जो तो आपल्या मनात डोकावून बघत होता, आणि डोकावून बघितलं की काही ना काही सापडतंच. एखादा काजू, एखादं जुनं भांडण. देवाने दाखवून दिलं, म्हणत होते.

तेव्हा तिने शेवटचा उपाय म्हणून स्वतःचा मोबाईल पुढे केला. दारोदार जाऊन ती तो निरोप वाचून दाखवू लागली. बघा, माझंसुद्धा उत्तर फेकलंय. माझी आई तिथे राहते. माझ्याइतकं मनापासून कोण म्हणेल? आता तरी पटतंय ना, यंत्र चुकतं? लोक वाचत, एकमेकांकडे बघत, मान हलवत. केतकीला वाटलं, पटतंय. कसलं पटतंय. तिची पाठ वळली की बायका पुटपुटत होत्या, आणि ते पुटपुटणं तिच्या आधी उतरण उतरून वाडीत पोचलं होतं.

पुनव तोंडावर आली तेव्हा ती माहेरी गेली. नुसती वाडीतली माणसं उभी राहिली तरी उमेशसारख्या चारदोन जणांना धरून चौथाई भरत होती. उमेशने तिने न मागताच अंगठा दिला होता, एक शब्द न बोलता. ओहोटी होती, अंगणात शेवाळ पसरलं होतं. ओंकार दारात होडीचं इंजिन पुसत बसला होता. विकायला काढलं होतं.

“ओंकार, अंगठो दी. तुम्ही सगळ्यांनी दिलास तर—”

“कित्याक?” तो वर न बघता म्हणाला. “वर येवन तुझ्या दारासमोर रवाक?”

“म्हणजे?”

“तुका नको होता तां देवीन सांगल्यान. तू स्वतःच गावभर दाखवत फिरतंस. मालवणात दाखवलंस नाय ती मेहेरबानी.” तो उठून खाडीकडे निघून गेला.

केतकी आईपुढे बसली. पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. नाडी, घाम, बाग आणि पार्किंग. आई समजूतदार बाई होती, नीट ऐकत होती. समजत नव्हतं असं नाही.

“आये, तुझा पण उत्तर फेकल्यानी. तू मनापासून म्हटलंस ना?”

“मी म्हटलंय मनापासूनच,” आई म्हणाली. “पण हात कापत होतो गे माजो. वर जावन दुसऱ्याच्या जमनीत रवाचा म्हणजे जल्मभर मान खाली. ह्यां माज्या मनात इला होता. म्हणजे देवीन खोटा नाय सांगल्यान.”

“तसा सगळ्यांच्याच मनात काय ना काय येता, आये. अंगठो दी. उद्या पुनव.”

आईने तिचा हात हातात घेतला. जाळ्यांनी खरखरीत झालेला तिचा तळवा केतकीला लहानपणापासून ओळखीचा होता.

“देवाक दोनदा इचारूक नको, चेडवा. आणि तू एवढा मनाक लावन घेव नको. तुजो संसार वर आसा. घो आसा, सासरो आसा. माहेरची सगळी माणसां उठान दारात इली तर कोणाकय जड जाताच. मी काय तुका इचारूक नाय, की तुज्या मनात काय होता म्हणान. जां होता तां होता. माका राग नाय.”

“आये, माज्या मनात तसा काय एक नव्हता,” केतकी म्हणाली.

“बरा,” आई म्हणाली. लहान मूल पडून लागलं नाही म्हणतं तेव्हा म्हणतात तसं.

केतकीला ओरडून सांगायचं होतं. पण सांगायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी तिने, इतरांसारखंच, आपल्या मनात डोकावून पाहिलं. पाटीवर हात ठेवला तेव्हा आपण आईकडे बघितलं होतं. मग आबांकडे बघितलं होतं का? आई वर आली तर सासरच्यांपुढे रोज मासळीचा वास, रोज टोमणे, हे कधीच डोक्यात आलं नव्हतं का? तिला आठवेना. आलं असेल, नसेलही. पंधरा दिवसांपूर्वी अख्ख्या गावात ज्या एकाच मनाची तिला खात्री होती, ते आता तिला वाचता येईना. ती गप्प झाली, आणि आईने त्या गप्प होण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग उठून तिने फळीवरची भांडी काढायला घेतली, आणि केतकी ती एकेक करून गोणपाटात बांधायला लागली.